पाठीचं ऑपरेशन आणि पोटातली रक्तवाहिनी

दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहा. बोटांना दोन्ही बाजूंना हाडाची वरची कड लागेल. या दोन कडा जोडणारी आडवी रेघ पाठीवरून ओढली, तर ती साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. तीच रेघ पुढे पोटावर आणली की ती बेंबीच्या आसपास, जराशी खाली येते. या पातळीवर, पोटाच्या आत खोल, मणक्याला अगदी लागून शरीरातली सर्वांत मोठी धमनी दोन पायांसाठी दोन फाट्यांत विभागते. तिच्या उजव्या अंगाला, किंचित खाली, दोन पायांकडून आलेल्या मोठ्या शिरा एकत्र येतात आणि हृदयाकडे जाणारी महाशीर तयार होते. कमरेतल्या ज्या दोन गाद्यांची ऑपरेशनं सर्वाधिक होतात, त्यांपैकी एक म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली. ती या फाट्याच्या जवळजवळ मागेच असते.

हे चित्र मनात ठसलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. मणक्याचं ऑपरेशन ठरलं की घरात भीती असते ती एकच, 'माणूस लुळा तर पडणार नाही ना?' पोटातल्या रक्तवाहिनीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. जखम पाठीवर, दुखणं पायात, मग पोटाचा संबंध काय? ज्या दुर्मीळ रुग्णाला ही इजा होते, त्याच्या बाबतीत हाच गैरसमज महाग पडतो. म्हणून ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येक घरासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला एका शब्दाबद्दल. मराठीत आपण मज्जातंतूलाही 'नस' म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही. 'कमरेत नस दबलीय' यातली नस म्हणजे मज्जातंतू आणि 'हाताची नस कापली' यातली नस म्हणजे रक्तवाहिनी. ऑपरेशनपूर्वी डॉक्टर 'नसेला इजा होऊ शकते' असं म्हणाले, तर ते कोणत्या नसेबद्दल बोलताहेत हे तिथेच विचारून घ्या. पायाची ताकद जाणं ही एका नसेची गोष्ट, पोटात रक्तस्राव होणं ही दुसऱ्या नसेची. दोन्हींची लक्षणं वेगळी आणि धावपळ करायला मिळणारा वेळही वेगळा.

सरकलेल्या गादीमुळे मज्जातंतू दबतो आणि सायटिकाचं दुखणं होतं, हे १९३४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मांडलं. तिथून या ऑपरेशनचा प्रसार झाला. त्यानंतर ११ वर्षांनी, १९४५ मध्ये, त्याच रुग्णालयातल्या रॉबर्ट लिंटन आणि पॉल डडली व्हाइट यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. गादीच्या ऑपरेशननंतर त्या रुग्णाच्या पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी आणि महाशीर यांच्यात थेट वाट तयार झाली होती. ती शस्त्रक्रियेने बंद केली आणि रुग्ण बरा झाला. लिंटन रक्तवाहिन्यांचे सर्जन होते, व्हाइट हृदयरोगतज्ज्ञ. हेच व्हाइट पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांचे डॉक्टर होते. मणक्याच्या ऑपरेशनची गुंतागुंत हृदयरोगतज्ज्ञाच्या दारात का पोहोचली, याचं उत्तर पुढे येईल. ते लक्षात ठेवण्याजोगं आहे.

ही इजा किती जणांना होते? कमरेच्या गादीचं पाठीमागून केलेलं ऑपरेशन धरलं, तर दर १० हजार रुग्णांमागे साधारण एक ते पाच जणांना, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात दिला जातो. सगळ्या घटना प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त असावा, असंही तिथेच म्हटलेलं असतं. तरीही धोका अगदी लहान आहे. हा आकडा वाचून कुणी गरजेचं ऑपरेशन टाळू नये. लघवी अडली असेल, शौचाच्या जागेभोवतीची संवेदना गेली असेल किंवा पाऊल उचलता येईनासं होत चाललं असेल, तर थांबण्यातला धोका या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मात्र नुसतं सायटिकाचं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत, ऑपरेशनवाचून, बरंच कमी होतं. तेव्हा 'मला ऑपरेशन आत्ताच का हवं?' हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा. जे ऑपरेशन झालंच नाही, त्याची गुंतागुंतही होत नाही.

आता इजा होते कशी ते पाहू. रुग्ण पालथा झोपलेला असतो. सर्जन पाठीतून छोटा छेद घेऊन मज्जातंतू हळूच बाजूला करतात आणि गादीचा निसटलेला भाग लांब दांड्याच्या चिमट्याने काढतात. पुढे गादीच्या आतला सैल भागही काढला जातो, म्हणजे तो पुन्हा बाहेर येऊ नये. कमरेतली गादी मागून पुढे मोजली तर साधारण साडेतीन सेंटीमीटर भरते, माणसागणिक कमी-जास्त. तिच्या पुढच्या बाजूला एक चिवट पट्टा असतो आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे लगेच त्या मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून चिमटा किती आत गेला, हे अनुभवी सर्जन प्रत्येक वेळी भान ठेवून पाहतात, काही जण दांड्यावर खुणाही ठेवतात. पण झिजलेल्या गादीत तो पुढचा पट्टाही कमकुवत झालेला असू शकतो, त्याला आधीच भेग असू शकते. मग चिमटा पलीकडे गेला तरी हाताला अडथळा जाणवत नाही. आधी त्याच जागी ऑपरेशन झालेलं असेल, तर ऊती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि रक्तवाहिनी बाजूला सरकत नाही. पाचव्या मणक्याखालच्या गादीपाशी दोन्ही फाटे बाजूला गेलेले असल्यामुळे मधोमध जागा थोडी मोकळी मिळते. चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे तशी सवड नसते आणि अशा इजांच्या नोंदीही तिथल्याच सर्वाधिक आहेत.

'आमचं दुर्बिणीतून आहे, त्यामुळे काळजी नाही' असं बरेच जण म्हणतात. दुर्बिणीने छेद लहान होतो, स्नायू कमी दुखावतात, घरी लवकर जाता येतं. हे फायदे खरे आहेत. पण गादीच्या पुढची रक्तवाहिनी असते तिथेच असते. मायक्रोस्कोप वापरून केलेल्या ऑपरेशनांतही अशी इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

या इजेचा सगळ्यांत फसवा गुण म्हणजे ती दिसत नाही. आपल्याला वाटतं, एवढी मोठी धमनी फाटली तर रक्ताची चिळकांडी उडेल. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी रुग्णांमध्ये पाठीच्या जखमेतून वेगळं रक्त येताना दिसतं. चिमटा मागे घेतला की पट्ट्याची ती फट मिटते आणि रक्त मागे येण्याऐवजी पुढे, पोटाच्या पडद्यामागच्या सैल जागेत साठत जातं. या जागेत लीटर-दोन लीटर रक्त सहज मावतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं ते सुमारे पाच लीटर. पाठीची जखम कोरडी, सर्जनच्या नजरेसमोर सगळं नीट आणि रुग्ण मात्र आतल्या आत रिकामा होत चाललेला.

अशा वेळी पहिला इशारा मिळतो तो भूलतज्ज्ञाला. रक्तदाब कारण नसताना घसरतो, नाडी वाढते. सलाइन वेगाने दिलं की दाब थोडा वर येतो आणि पुन्हा पडतो. पालथ्या अवस्थेत काही वेळ तग धरलेला रुग्ण ऑपरेशननंतर उताणा केला की एकदम कोसळू शकतो. गादीच्या साध्या ऑपरेशनमध्ये रक्त फार थोडं जातं, अनेकदा १०० मिलिलिटरच्या आतच. म्हणून एवढ्या ऑपरेशनला दाब पडतोय म्हणजे तो भुलीच्या औषधानेच पडत असेल, असं समजण्याचा मोह होतो. ज्या थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ त्याच क्षणी 'पोटात रक्तस्राव असू शकतो' हे मोठ्याने बोलू शकतो आणि सर्जन ते ऐकून हातातलं काम थांबवतो, तिथला रुग्ण वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. रुग्ण स्थिर नसेल तर स्कॅनसाठी वेळ घालवत नाहीत. त्याला उताणा करून पोट उघडतात, महाधमनी दाबून धरतात, मग फाटलेली जागा शिवतात. रुग्ण स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी करून मांडीतल्या धमनीतून आवरण असलेली स्टेंट आत नेता येते आणि भोक आतून झाकता येतं. या स्टेंटमुळे अलीकडे बऱ्याच रुग्णांचं पोट उघडण्याचं टळतं.

एवढं सांगितलं ते एका कारणासाठी. जीव वाचणं अवलंबून असतं ते वेळेवर शंका येण्यावर आणि शंका आल्यावर लागणारी माणसं, रक्त आणि साधनं हाताशी असण्यावर. शंका घेणं हे डॉक्टरांचं काम. बाकीची तयारी आहे की नाही, हे तुम्ही आधी विचारू शकता.

ऑपरेशनपूर्वी काय विचारायचं

इथे एक कायदेशीर बाब माहीत हवी. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीविषयी महत्त्वाचा निकाल दिला. उपचाराचं स्वरूप, त्याला असलेले पर्याय आणि मोठे धोके डॉक्टरांनी सांगितलेच पाहिजेत, असं न्यायालयाने म्हटलं. पण अगदी दूरचे धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची सक्ती डॉक्टरांवर नाही, असंही त्याच निकालात आहे. दहा हजारांत एक ते पाच जणांना होणारी इजा तुमच्यासमोर कुणी आपणहून मांडेलच, असं नाही. म्हणून ती तुम्ही विचारायची. विचारल्यावर खरं उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरांना त्या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न साधे ठेवा. 'डॉक्टर, या ऑपरेशनमध्ये पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा झालीच, तर इथे कोण धावून येईल आणि किती वेळात?' या एका प्रश्नात बरंच काही येतं. उत्तरात नाव आलं, वेळ आली, 'आमचे जनरल सर्जन याच इमारतीत असतात, रक्तवाहिन्यांचे सर्जन अमुक वेळात पोहोचतात' असं काही आलं, तर व्यवस्था विचारपूर्वक आहे हे कळतं. 'असं कधी होत नाही' एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर नव्हे. पुन्हा विचारा. त्यानंतर रक्ताचं. रुग्णाचा रक्तगट तपासून जुळणारं रक्त राखून ठेवलंय का, रक्तपेढी इमारतीत आहे की गावाच्या दुसऱ्या टोकाला? अतिदक्षता विभाग आहे का?

प्रत्येक रुग्णाने पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातच जावं, असं मी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी गादीची साधी ऑपरेशनं करणारे अनुभवी सर्जन आहेत आणि तिथे होणारी बहुतेक ऑपरेशनं सुखरूप पार पडतात. पोट उघडू शकणारा सर्जन काही मिनिटांत येऊ शकतो आणि रक्त हाताशी आहे, एवढी खात्री झाली तर पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या ऑपरेशनला ते पुरेसं मानायला हरकत नाही. पण त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल, मणक्यात गाठ असेल, पाठीचा बाक सरळ करायचा असेल किंवा ऑपरेशन पोटाकडून असेल, तर रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं रुग्णालय निवडा. इथे घराजवळची सोय बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटाकडून होणाऱ्या ऑपरेशनचं थोडं वेगळं आहे. गादी पूर्ण काढून तिथे पिंजरा बसवायचा असेल, तर काही सर्जन पोटाच्या बाजूने जातात. तिथे त्या मोठ्या रक्तवाहिन्या हाताने सरकवूनच गादीपर्यंत पोहोचावं लागतं. साहजिकच इजेचं प्रमाण जास्त, साधारण शंभरात एक ते पाच असं सांगितलं जातं. त्यात बहुतेकदा डाव्या बाजूची मोठी शीर दुखावते. पण ती डोळ्यांसमोर असते, त्यामुळे लगेच दिसते आणि लगेच शिवता येते. अनेक ठिकाणी हा मार्ग उघडून द्यायला रक्तवाहिन्यांचे सर्जन सुरुवातीपासून सोबत असतात. तुमच्या बाबतीत तसं आहे का, ते विचारा.

डॉक्टरांना एमआरआय उघडून दाखवायची विनंतीही जरूर करा. मणक्याच्या आडव्या कापांमध्ये, मणक्याच्या पुढे, गोलसर काळे ठिपके दिसतात. त्या धमन्या आणि शिरा. वाहतं रक्त त्या चित्रांत बहुधा काळं उमटतं. आपल्या मणक्यापासून त्या किती जवळ आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की डॉक्टरांशी होणारं बोलणं अधिक नेमकं होतं.

आणि तुमच्याकडूनही काही गोष्टी डॉक्टरांना कळायला हव्यात. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय का, पोटावर रेडिएशन घेतलंय का, महाधमनीला फुगा असल्याचं कधी कुणी सांगितलंय का, तंबाखू-सिगारेट किती वर्षं चालू आहे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटच सोबत न्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही नावं आपल्याकडे घरोघरी आहेत, पण ती लक्षात राहत नाहीत. ही गोळी कधी बंद करायची हे मणक्याचे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं. शेजारच्या कुणाच्या सांगण्यावरून ती बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी अचानक थांबवणं जीवघेणं ठरू शकतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, काढे, चूर्णं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हेही सांगा, 'ते काय औषध आहे का' म्हणून वगळू नका.

ऑपरेशनच्या दिवशी निर्णय घेऊ शकेल असं घरातलं एक माणूस शेवटपर्यंत रुग्णालयातच थांबलं पाहिजे. सगळे एकदम जेवायला बाहेर गेले आणि नेमका तेव्हा 'पोट उघडावं लागेल, सही हवी' असा निरोप आला, असं होऊ नये. फोन चार्ज असू द्या. रक्त द्यायला तयार असलेले दोघे-तिघे कोण, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. तसा निरोप आलाच, तर त्या क्षणी 'पाठीचं ऑपरेशन होतं, पोट कशाला?' म्हणून वाद घालू नका. त्या वेळी प्रत्येक मिनिट रुग्णाच्या अंगातलं रक्त मोजत असतं. सही करा, रक्ताची धावपळ करा. प्रश्न विचारायला नंतर वेळ आहे आणि तो हक्कही आहे.

वॉर्डात आणि घरी

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला माझं खास सांगणं आहे, कारण डॉक्टरांच्या दोन फेऱ्यांच्या मधे त्याचेच डोळे असतात.

मणक्याच्या ऑपरेशननंतर पोट थोडं फुगतं, गॅस होतो, शौचाला होत नाही. हे नेहमीचं आहे. पण पोट फुगून घट्ट झालंय, पोटात किंवा कुशीत दुखतंय आणि त्याचबरोबर दरदरून घाम, अंग थंडगार, चेहरा पांढराफटक, नाडी जलद, उठवून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी, असं काही असेल तर तो गॅस समजू नका. ओवा, हिंग, गरम पाणी देत बसू नका. तोंडाने काहीही देऊ नका. सिस्टरांना बोलवा, रक्तदाब मोजायला लावा आणि स्पष्ट शब्दांत म्हणा, 'पोटात रक्तस्राव तर नाही ना, डॉक्टरांना बोलवा.' रात्रीचे दोन वाजले असले तरी बोलवा. दहापैकी नऊ वेळा काही नसेल. तरीही भीड धरू नका.

मधून मधून रुग्णाची दोन्ही पावलं हाताने चाचपून पाहा. दोन्ही सारखीच कोमट हवीत. एक पाय गार पडला, पांढरा किंवा निळसर दिसू लागला, त्यात खूप दुखू लागलं, तर धमनी बंद झाल्याची शंका घ्यावी. पोटाकडून झालेल्या ऑपरेशननंतर याकडे विशेष लक्ष हवं. असा पाय वाचवायला हाताशी थोडेच तास असतात. उलट एकच पाय सुजून गरम झाला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आपल्याकडे पाय सुजला की तेल लावून चोळायची सवय आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाचा सुजलेला पाय कधीही चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय दाखवा, तपासणी होऊ द्या.

पाठीतल्या जखमेच्या आतही रक्त साठू शकतं. मोठ्या रक्तवाहिनीचं नव्हे, मज्जारज्जूभोवतीच्या बारीक शिरांचं. तिथली जागा इतकी अरुंद की थोडं रक्तही मज्जातंतूंना चेपतं. ऑपरेशननंतर बरा झालेला पाय काही तासांत पुन्हा जड पडू लागला, पाठीत असह्य कळा येऊ लागल्या, लघवी होईना, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर हेही तातडीचं आहे. ते रक्त जितक्या लवकर काढावं तितकी ताकद परत येण्याची आशा जास्त.

मानेच्या ऑपरेशनविषयी थोडंच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. मानेतल्या मणक्यांच्या दोन्ही कडांना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे जाणारी एकेक धमनी वर चढते. बहुतेकांमध्ये ती मानेच्या सहाव्या मणक्यातून आत शिरते. काहींमध्ये तिची वाट वेगळी असते. विशेषतः वरच्या दोन मणक्यांत स्क्रू घालायचे असतील तर त्याआधी या धमनीची वाट सीटी अँजिओग्राफीत पाहून घ्यावी. तशी तपासणी सांगितली तर ती अनावश्यक खर्च समजू नका. आणि मानेचं ऑपरेशन पुढून, गळ्याकडून झालं असेल, तर पहिल्या दिवशी गळ्याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. गळा फुगतोय, आवाज बदलतोय, थुंकी गिळता येत नाही, श्वास ओढून घ्यावा लागतोय, आडवं झालं की जीव घाबरतोय, असं दिसलं तर बेल वाजवून थांबू नका. धावत जाऊन डॉक्टरांना आणा. आत साठलेलं रक्त श्वासनळी दाबतंय असं दिसलं, तर डॉक्टर टाके खाटेवरच उघडतात. पाहायला ते भयंकर वाटतं. पण त्यानेच जीव वाचतो.

आता पॉल डडली व्हाइट यांच्याकडे परत येऊ. काही रुग्णांच्या बाबतीत ऑपरेशनच्या वेळी काहीच लक्षात येत नाही. चिमट्याने धमनी आणि तिला लागून असलेली शीर या दोन्हींना बारीक भोक पडतं आणि धमनीतलं जोरकस रक्त बाहेर न सांडता थेट शिरेत शिरू लागतं. रुग्ण घरी जातो, कामालाही लागतो. आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी काही वर्षांनी त्याला धाप लागते, पाय सुजतात, छातीत धडधड होते. उलट्या वाटेने आलेलं एवढं रक्त पुन्हा पुन्हा ढकलताना हृदय थकत जातं. तो हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो, तिथे हृदय कमजोर झाल्याचं निदान होतं, औषधं सुरू होतात आणि मूळ कारण पोटात तसंच राहतं. अशा रुग्णाच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर सतत चालणारी घरघर ऐकू येऊ शकते, हात ठेवला तर थरथर जाणवू शकते. पण पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचं मनात यायला हवं आणि ते येईल केव्हा, तर पाठीच्या ऑपरेशनविषयी कळलं तर. दुसरा प्रकार रक्ताच्या फुगीचा. धमनीच्या भोकाभोवती रक्ताची पिशवी तयार होते, पोटात ठोके देणारी गाठ लागते, कुशीत दुखत राहतं. या दोन्हींवर आज खात्रीचे उपचार आहेत आणि बऱ्याचदा स्टेंटने काम भागतं.

इजा झालीच, तर ती डॉक्टरांची चूक समजायची का? प्रत्येक वेळी नाही. कुशल हातांनाही फसवणारी ही जागा आहे. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. इजा होणं ही एक गोष्ट आणि रक्तदाब तासभर पडत असताना कुणी पोटाकडे न पाहणं ही दुसरी. पहिलीला गुंतागुंत म्हणता येतं, दुसरीचा जाब विचारला पाहिजे. तो विचारायचा तर कागद हवेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. ऑपरेशनची नोंद, भुलीचा तक्ता, सिस्टरांच्या नोंदी या तिन्हींचा अर्जात वेगळा उल्लेख करा. भुलीच्या तक्त्यात रक्तदाब कोणत्या वेळी किती होता हे मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. सगळं सुरळीत पार पडलं असलं तरी हे कागद घ्यावेत.

ते कागद घरातल्या कपाटात जपून ठेवा, मोबाइलमध्ये त्यांचे फोटो ठेवा. पुढे कधीही धाप लागली, पाय सुजले, पोटात धडधडणारी गाठ लागली, तर समोर कोणतेही डॉक्टर असोत, हृदयाचे, पोटाचे की गावातले, पहिल्या वाक्यात सांगा, 'माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय,' आणि कोणत्या साली, कोणत्या मणक्यांच्या मधे झालंय, तेही सांगा.